मतदानाचा अंदाज आणि आपली वस्ती



निवडणूक जवळ आली की यंदा मतदान किती टक्के होईल याचे आकडे झळकू लागतात. हे आकडे ज्योतिषाचे नसतात. त्यांच्यामागे हिशेब असतो. तो हिशेब आपण स्वतः समजून घेणे अगत्याचे आहे. कारण तो उद्या आपल्या वस्तीलाही लावला जाईल.

त्याची एक साधी रीत आहे. तिला 'एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलासाठी काम केलेले रॉबर्ट ब्राउन आणि १९५७ साली चार्ल्स होल्ट यांनी ती रूढ केली. तेव्हाचा मुख्य उपयोग कोठारातील मालाची मागणी ताडण्याचा. जुना अंदाज घ्यावा, प्रत्यक्ष आकड्याशी त्याचा फरक पाहावा आणि त्या फरकाचा ठरावीक हिस्सा जुन्या अंदाजात मिळवावा किंवा त्यातून वजा करावा. हिस्सा निम्मा धरला तर ताज्या निवडणुकीला निम्मे वजन मिळते, मागचीला चतुर्थांश, त्यामागचीला अष्टमांश.

लोकसभेचेच उदाहरण घ्या. २००४ साली मतदान ५८.०७ टक्के व २००९ साली ५८.२१ टक्के झाले. या रीतीने २०१४ चा अंदाज ५८.१४ निघतो, प्रत्यक्षात झाले ६६.४४! निम्मा फरक मिळवून २०१९ चा अंदाज ६२.२९, प्रत्यक्षात ६७.४०. पुन्हा तसेच करून २०२४ चा अंदाज ६४.८५, आणि मतदान केंद्रांवर नोंदले गेले ६५.७९. लोक पुढे जातात आणि हिशेब दोन निवडणुकांनंतर त्यांना गाठतो, हे येथे स्पष्ट दिसते. जे घडून गेले तेवढेच त्याला ठाऊक असते.

हीच रीत एखाद्या वस्तीला लावली तर काय होईल, याचा विचार करा. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले. हे ऊसतोडीचे दिवस. ज्या वस्तीतील माणसे कोयता घेऊन परजिल्ह्यात गेली, तिचा आकडा खाली येणारच. आणि ताज्या आकड्यालाच सर्वांत अधिक वजन! मग कागदावर ती वस्ती 'उदासीन' ठरते, तिच्याकडे कोणी फिरकत नाही आणि पुढचा आकडा आणखी घसरतो. अंदाज खरा ठरला असे म्हणून वर पाठ थोपटून घेण्यास मंडळी मोकळी! वास्तविक अंदाजाने स्वतःच स्वतःला खरे करून घेतलेले असते.

दुसरी गोष्ट याहूनही गंभीर आहे. टक्केवारी मतदारयादीतील नावांवर काढतात, वयात आलेल्या माणसांवर नव्हे. समजा, वस्तीत हजार प्रौढ माणसे आहेत, यादीत नावे सहाशे आणि मत दिले चारशेवीस जणांनी. कागदावर मतदान सत्तर टक्के. खरे पाहता बेचाळीस. नावे गळाली तर टक्का वाढूही शकतो! अशा आकड्यावर कितीही सुबक गणित केले तरी ती चारशे माणसे त्यात येत नाहीत.

म्हणून आपल्या केंद्राचा हिशेब आपणच ठेवावा. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नोंदलेल्या मतांचा हिशेब नमुना १७-सी मध्ये लिहितात आणि त्याची प्रत उपस्थित मतदान प्रतिनिधींना द्यावी लागते. ती मिळवून जपून ठेवा. दोन-तीन निवडणुकांचे कागद जमले की वरील बेरीज-वजाबाकी सातवीतील मुलगीही करील. यादीबाहेरच्या माणसांचा हिशेब मात्र त्या कागदांत सापडणार नाही. तो घरोघर फिरूनच करावा लागेल, आणि नाव नोंदणीसाठी नमुना ६ चे अर्ज त्याच फेरीत भरून घेता येतील.