गदा कुणाच्या खांद्यावर द्यायची?

मैत्रिणींनो, सातारा-सांगलीत खेळ हा फक्त पुरुषमंडळींचा विषय होता, ते दिवस आता गेले. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती गदा जिंकली. त्याच वर्षी साताऱ्याची आदिती स्वामी बर्लिनमध्ये तिरंदाजीची जगज्जेती झाली, तेव्हा ती अवघी सतरा वर्षांची होती. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. सांगलीच्या स्मृती मानधनाचं तर नावच पुरे. पोरीला तालमीत, मैदानावर पाठवायचं की नाही, हे आता आपल्या घराघरांत ठरतं. म्हणून एका प्रश्नावर आपणही तोंड उघडायला हवं. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या खेळाडूला शिक्षा भोगून झाल्यावर पुन्हा मैदानात उतरू द्यावं का?

हा प्रश्न आपल्याकडे निघाला तो सुशीलकुमारमुळे. २००८ ला बीजिंगमध्ये ब्राँझ, २०१२ ला लंडनमध्ये रौप्य. आपल्या भागात लहान पोरांच्या तालमीत त्याचे फोटो लागले होते. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये सागर धनखड या तरुण पैलवानाला झालेल्या मारहाणीत त्याचा मृत्यू झाला आणि त्या खुनाच्या आरोपाखाली सुशीलला अटक झाली. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं त्याला जामीन दिला. तो बाहेर आला आणि रेल्वेतल्या नोकरीवर हजरही झाला. सागरचे वडील मात्र गप्प बसले नाहीत. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो जामीन रद्द झाला. तोवर खटल्याचा निकाल लागलेला नव्हता, म्हणून सुशीलला खुनी म्हणायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही.

आरोप आणि शिक्षा यांत फरक आहे, तो आपण विसरतो. २०२३ चा महाराष्ट्र केसरी सिकंदर शेख याला ऑक्टोबर २०२५ मध्ये पंजाब पोलिसांनी शस्त्रांच्या प्रकरणात पकडलं, तेव्हा काहींनी त्याला दोन दिवसांत गुन्हेगार ठरवून टाकलं, तर काहींनी तितक्याच घाईनं निर्दोष सोडलं. नंतर त्याला जामीन मिळाला. अशा वेळी न्यायालयाची वाट पाहणं एवढंच आपल्या हातात असतं. मी इथं बोलते आहे ते ज्याचा गुन्हा न्यायालयात सिद्ध झाला आहे, त्याच्याविषयी.

अशी उदाहरणं जगात कमी नाहीत. मुष्टियोद्धा माईक टायसनला १९९२ मध्ये अठरा वर्षांच्या मुलीवरच्या बलात्काराबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांच्या आत तो सुटला, त्याच वर्षी रिंगमध्ये उतरला आणि एका लढतीत कोट्यवधी डॉलर कमावून गेला. हॉलंडचा बीच व्हॉलीबॉलपटू स्टीव्हन व्हान डे वेल्डे याला इंग्लंडमधल्या बारा वर्षांच्या मुलीवरच्या बलात्काराबद्दल २०१६ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात तो वर्षभरापेक्षा थोडाच जास्त तुरुंगात राहिला आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये देशाचा पोशाख घालून उतरला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, पण नियमानं त्याला कुणी अडवू शकलं नाही. ऑलिंपिक समितीनं सांगितलं, संघ निवडणं हे त्या त्या देशाचं काम. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियानं जागतिक स्पर्धेसाठी त्याला व्हिसाच नाकारला. म्हणजे खेळानं जे करायला हवं होतं, ते एका सरकारला करावं लागलं. ती मुलगी आता मोठी झाली असेल. टीव्ही लावला की समोर तो, हे तिनं किती वर्षं सोसायचं?

"अहो, पण शिक्षा भोगली ना त्यानं? मग आणखी किती?" हा प्रश्न रास्त आहे, तो झटकून टाकता येणार नाही. उलट त्याचं उत्तर आपल्याच भागात आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत आहे. औंध संस्थानानं १९३९ मध्ये ती उभी केली. औंध आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी सांगलीत, म्हणजे हे दोन्ही जिल्ह्यांचं लेणं. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथं भिंतीविना, बेड्यांविना, बायकापोरांसह राहिले, शेती करू लागले. शांतारामबापूंचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' या प्रयोगावरूनच सुचला. माणूस सुधारू शकतो, यावर आपल्या मातीचा असा जुना विश्वास आहे आणि मीही तो मानते.

पण स्वतंत्रपुरानं त्या कैद्यांना काय दिलं ते नीट बघा. राबायला जमीन दिली, संसार दिला, माणूस म्हणून उभं राहायची संधी दिली. त्यांना हत्तीवरून मिरवलं नाही. खेळाडूच्या बाबतीत आपण नेमकी इथंच गल्लत करतो. पोटापाण्याचा हक्क सगळ्यांना आहे, सुटून आलेल्यालाही आहे. त्यानं शेती करावी, दुकान टाकावं, नोकरी करावी, त्याला कुणी आडवं येऊ नये. व्यावसायिक खेळ मात्र नुसतं पोट भरायचं साधन नसतो. त्यात फेटा असतो, मिरवणूक असते, चौकाचौकांत फ्लेक्स असतो, शाळेच्या बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून खुर्ची असते.

शिवाय खेळाडू एकट्याच्या जोरावर घडत नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचं होतं, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं. आजही पैलवानाच्या खुराकाला गाव हातभार लावतं, जत्रेच्या इनामाचा पैसा वर्गणीतूनच येतो. ज्यात आपला पैसा आणि आपली माया आहे, तिथं कुणाला मिरवायचं हे सांगायचा हक्कही आपला आहे.

आता नियमांचं बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेनं पंचांना लाथ मारली, तर लगेच तीन वर्षांची बंदी आली. उत्तेजक घेतल्याबद्दल नरसिंग यादवला चार वर्षं बाहेर बसावं लागलं. औषधाच्या गोळीसाठी जगभर एकच कायदा आहे. मग बाईवर, मुलावर, माणसाच्या जिवावर हात टाकल्याचं न्यायालयात सिद्ध झालं, तर त्यासाठी असा एकच नियम का नसावा? ज्याच्या त्याच्या संघटनेच्या मर्जीवर सोडलं, की मेडल मोठं असणाऱ्याला माफीही मोठी मिळते.

नमुना शोधायला लांब जायला नको. आपल्या निवडणूक कायद्यात तो आहे. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्याला आमदारकी-खासदारकी लढवता येत नाही, आणि सुटल्यावरही पुढची सहा वर्षं ती बंदी राहते. खेळालाही असंच काही लावावं. माझं म्हणणं असं, की हिंसेच्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यानं सुटल्यानंतर ठरावीक वर्षं व्यावसायिक मैदानाबाहेर राहावं. परत घेताना पीडित माणसाचं किंवा त्याच्या घरच्यांचं म्हणणं ऐकावं, आणि त्यानं केलेलं कबूल केलं आहे का, हेही बघावं. बलात्कार आणि मुलांवरचे अत्याचार यांना मात्र परतीचा रस्ता नको, खेळाडू म्हणून नको आणि प्रशिक्षक म्हणून तर मुळीच नको.

सगळ्या गुन्ह्यांना एकच माप लावा, असं मी म्हणत नाही. पाकिस्तानचा महंमद आमीर अठराव्या वर्षी पैशांसाठी नोबॉल टाकून बसला. तुरुंगात गेला, पाच वर्षांची बंदी भोगली, गुन्हा कबूल केला आणि मग परत आला. २०१७ च्या अंतिम सामन्यात त्यानं आपलीच वरची फळी कापली, तरी तो परत यायलाच नको होता, असं मला वाटत नाही. त्यानं खेळाला फसवलं, खेळानं त्याला शिक्षा दिली, हिशेब मिटला. कुणाच्या लेकीचं आयुष्य मोडलं असेल, तिथं हिशेब इतका सोपा नसतो.

२०२३ मध्ये देशाच्या अव्वल महिला कुस्तीपटू जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा त्यांची तक्रार संघटनेच्या अध्यक्षांविरुद्ध होती. त्यांना रस्त्यावर बसावं लागलं, हे बघून किती आयांनी आपल्या पोरींना तालमीतून परत बोलावलं असेल, याचा विचार करा. एक निर्लज्ज सत्कार गावात झाला, तरी तेच होतं. पोरगी काही बोलत नाही, पण मनात धरते की मेडल असलं की सगळं माफ.

दिल्लीचा नियम दिल्लीत होईल तेव्हा होईल. आपल्या हातातलं आपण आजच करू शकतो. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा आपल्या आहेत. जत्रेच्या कुस्त्यांना, शाळेच्या कार्यक्रमाला कोण पाहुणा येणार, हे ग्रामसभेत विचारा. अकादमीत पोरीचं नाव घालताना प्रशिक्षकाची माहिती मागा, एखादी महिला प्रशिक्षक आहे का ते बघा, तक्रार कुणाकडे करायची ते फलकावर लिहायला लावा. कुणी म्हणेल, बायकांना कुस्तीतलं काय कळतंय? त्याला शांतपणे सांगा, की वर्गणीची पावती आमच्याही नावाची आहे आणि लेकही आमची आहे.