सोन्याचा नांगर आणि दहा गुंठे

उजाड पुण्याच्या भूमीत सोन्याचा नांगर फिरला, ही आठवण कसबा पेठेने श्रद्धेने जपली आहे. गाव पुन्हा वसले ते नांगरामागे, हे त्या आठवणीचे मर्म. आज मात्र याच पेठेतील घरांत ‘गावाकडची जमीन परवडत नाही, विकून टाकू’ अशी भाषा ऐकू येते.

विक्रीपूर्वी कै. श्री. अ. दाभोळकरांचे स्मरण करावे. गणिताच्या या प्राध्यापकाने कोल्हापूर परिसरात ‘प्रयोग परिवार’ उभा केला. पानांवर पडणारे ऊन हेच खरे भांडवल मानून, दहा गुंठ्यांत म्हणजे पाव एकरात एका कुटुंबाचे पोषण होऊ शकते, असा हिशेब त्यांनी मांडला.

अर्थात, भाबडेपणा नको. एवढ्या तुकड्यात घरच्या धान्या-भाजीबरोबर गाईची पुरेशी वैरण पिकणे कठीण. म्हणून आरंभ भाजीचे वाफे, शेवगा, केळी आणि चार कोंबड्यांपासून करावा. चाऱ्याची सोय झाल्यावरच गोठा बांधावा. मीठ, कापड, मुलांची फी यांसाठी रोकड लागणारच. स्वावलंबन म्हणजे बाजाराशी वैर नव्हे. भाव कोसळले तरी घरची चूल पेटती राहावी, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्यास शेतजमीन सहजी विकत घेता येत नाही. शेवटचा तुकडा विकणारे घर केवळ माती विकत नाही. पुढच्या पिढीची परतीची वाटही विकते. सही करण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे.