गाळाची साक्ष आणि आपली वही

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट चढते. माथ्यावरच्या लेण्यात सुमारे २,००० वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानांची मोजदाद आहे. पण त्या काळी उन्हाळा किती तापत असे, याची नोंद नाही. मग ते विचारायचे कोणाला?

तळ्याच्या गाळाला! समुद्रतळाचा गाळ मुख्यतः समुद्राची हकिकत सांगतो; जमिनीवरच्या हवामानाची हकिकत तळ्यांच्या तळाशी साठते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरातून पाणी बाहेर जायला वाट नाही, म्हणून गाळ तेथेच थरावर थर बसतो. संशोधकांनी तेथून सुमारे १० मीटर गाळ उभा कापून काढला. त्यात सुमारे ११,००० वर्षांचा इतिहास मिळाला. काही थरांत गेल्युसाइट या क्षाराचे स्फटिक सापडले. पाणी आटून फार खारे झाले की ते बनतात. म्हणजे ते दीर्घ अवर्षणाचे पुरावे होत.

हे झाले पावसाचे. तापमानाची खूण वेगळी असते. थंडीत तूप थिजते, गोडेतेल मात्र पातळच राहते, हे तुम्ही पाहिलेच आहे. मातीतले आणि तळ्यातले काही जिवाणू तापमानाप्रमाणे आपल्या पेशीच्या आवरणातील मेदाची रचना बदलतात. जिवाणू मेले तरी तो मेद गाळात हजारो वर्षे टिकतो.

परंतु हा मेद काही अंश सेल्सिअसमध्ये बोलत नाही! आजच्या अनेक तळ्यांतील मेद आणि तेथील मोजलेले तापमान यांची सांगड घालूनच त्याची भाषा उलगडते. जवळपास कोणी तापमान मोजतच नसेल, तर दूरच्या वेधशाळांच्या आकड्यांवरून अंदाज करावा लागतो.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की खेड्यातल्या प्रत्येक शाळेने तापमानाची वही ठेवावी. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. पण गावोगावी वेधशाळा उभारणे त्याला शक्य नाही. ‘मुलांच्या नोंदी काय कामाच्या?’ असे कोणी म्हणेल. नियमाने घेतल्या, तर नक्कीच कामाच्या. कमाल-किमान तापमापक सावलीत, हवेशीर जागी टांगा. रोज ठरलेल्या वेळी वाचा. सुट्टीत पाळ्या लावा. एखादा दिवस चुकला तर जागा कोरी सोडा, पण मनाचा आकडा भरू नका.

शिलालेखात जे राहून गेले, ते आपल्या वहीत तरी राहू नये.