गृहिणीच्या श्रमाचे मोल आणि अपकृत्याचा कायदा

एकाच्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्याला इजा पोचली, तर त्या दिवाणी स्वरूपाच्या अन्यायाला अपकृत्य म्हणतात, आणि शिक्षेपेक्षा झालेली हानी पैशाने शक्य तितकी भरून काढणे हा त्या कायद्याचा हेतू असतो. रस्ते अपघातात गृहिणी दगावली, की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे विमा कंपनीच्या बाजूने हमखास असे सांगितले जाते, की ती कमावती नव्हती, तेव्हा कुटुंबाचे आर्थिक नुकसान झालेच नाही.

या युक्तिवादात काम आणि मिळकत यांची गल्लत आहे. पहाटे पाणी भरणे, डबे करणे, अंथरुणाला खिळलेल्या सासूचे पथ्यपाणी सांभाळणे, यांतले काहीही तिच्या पश्चात थांबत नाही; पोळ्यांना बाई लावावी लागते, आणि ते परवडत नसेल तर थोरल्या मुलीची शाळा सुटते. हे नुकसान नव्हे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार 2019 मध्ये बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या, तर पुरुष 97; सर्वोच्च न्यायालयाचे तत्कालीन न्या. एन. व्ही. रमणा यांनी 2021 च्या एका निकालपत्रात हेच आकडे मांडले.

आईची माया पैशात मोजणे हा तिचा अपमान आहे, असा दुसरा आक्षेप असतो. परंतु न्यायालय माया मोजत नाही, बुडालेली सेवा मोजते. कमावत्या पुरुषाचा पगार हिशेबात धरला म्हणून पितृत्वाचा अपमान झाला, असे कोणी म्हणत नाही.

खरा दोष मोजण्याच्या रीतीत होता. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या दुसऱ्या अनुसूचीत बिनकमावत्या जोडीदाराचे मानीव, म्हणजे हिशेबापुरते गृहीत धरलेले, उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाच्या एक-तृतीयांश धरले जाई. म्हणजे तोच स्वयंपाक कारकुनाच्या घरी स्वस्त आणि अधिकाऱ्याच्या घरी महाग. त्यापेक्षा जमशेदपूरच्या 1989 मधील आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये गृहिणीच्या सेवेला दरमहा 3,000 रुपये धरले, ती वाट अधिक न्याय्य होती, कारण तीत पतीच्या पगाराचा संबंध नव्हता. गृहिणीचे मानीव उत्पन्न रोजंदारी मजुराच्या किमान वेतनाहून कमी धरता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने 2024 मध्ये सांगितले. मात्र हा तळ आहे, कमाल मर्यादा नव्हे, कारण किमान वेतनाच्या हिशेबात कामाचे तास ठरलेले असतात आणि आठवड्याची सुट्टी असते. गृहिणीला यांतले काहीच नसते.