सहाचा मेसेज साडेअकराला



ऑक्टोबर छाटणी होऊन बाग फुटलेली, कोवळी पानं निघालेली, आणि त्यात रात्री पाऊस. अशा वेळी डावणीची धास्ती द्राक्षवाल्याला सांगायला नको. म्हणून मी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला होता. रोज सकाळी ६ वाजता सेन्सरची नोंद बघायची, रात्री पान जास्त तास ओलं राहिलं असेल तर टेलिग्रामवर मेसेज टाकायचा.

मेसेज आला, पण ११:३० ला. ऊन तापलेलं, वारा सुटलेला. फवारणीची सकाळ हातची गेली.

चूक माझीच. भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं, आपली वेळ त्याच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. क्रॉनमध्ये पाच खाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मी मिनिटात ०, तासात ६ लिहिलं. यूटीसीवर आपले सकाळचे सहा म्हणजे मिनिट ३०, तास ०. नाहीतर सरळ सर्व्हरची वेळ आशिया/कोलकाता करायची आणि क्रॉन पुन्हा सुरू करायचं.

पण खरी गोम वेगळीच आहे. आधीचे आठ दिवस कोरडे होते, म्हणून मेसेजच नव्हता. मी समजलो, सगळं ठीक. मेसेज नाही म्हणजे धोका नाही, की प्रोग्रामच बंद पडलाय? हे कळणार कसं?

मग रोज "सर्व ठीक" पाठवायला लावलं. दहाव्या दिवशी मी वाचणंच सोडलं. रोज वाजणाऱ्या घंटेकडे कोण बघतं?

माझं मत झालंय ते असं. मेसेज दोनच ठेवा. धोक्याचा मेसेज आवाज करून, आणि फक्त धोका असेल तेव्हाच. दुसरा "मी चालू आहे" एवढाच, रोज रात्री ८ वाजता, बिनआवाजी. टेलिग्राम बॉटला तशी सोय आहे. जेवण झालं की एक नजर टाकायची. नसेल आला तर झोपायच्या आधी सर्व्हर बघायचा.

राखणदार चोर आला की ओरडतोच. पण अधूनमधून शिट्टी वाजवतो, म्हणून आपण निवांत झोपतो.

तुमच्याकडे असं काही लावलेलं असेल तर आजच घड्याळ तपासा. तुमची शिट्टी कधी वाजते, कमेंटमध्ये सांगा.