हेडफोन, चष्मा आणि मायक्रोपोर

सकाळची ठाण्याहून सुटणारी फास्ट. सुदैवाने बसायला जागा मिळालेली. डोळे मिटून तबला ऐकत होतो. शेजारच्या काकांनी खांद्यावर हलकेच थोपटलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "अहो, वाजतोय छान, पण मलाही ऐकू येतोय. जरा कमी करता का?"

मी ओशाळलो, आवाज कमी केला. आणि मग डोक्यात किडा वळवळायला लागला. माझा हेडफोन क्लोज्ड-बॅक, म्हणजे वाटीची पाठ बंद असलेला. आतला आवाज बाहेर जाऊ नये आणि बाहेरचा आत येऊ नये, एवढ्यासाठीच तर तो घेतला होता. मग काकांना तबला ऐकू आला कसा?

घरी येऊन आरशात बघितलं. चष्म्याची काडी पॅडच्या खालून जात होती आणि तिथे चांगली फट पडली होती. त्यात दोन पावसाळे काढलेल्या पॅडचं रेक्झिन सोलवटून आतला स्पंज बसला होता. म्हणजे बंद डब्याचं झाकणच नीट लागत नव्हतं. अशा फटीतून सगळ्यात आधी पळतो तो बास. डग्ग्याची घुमक गेली, नुसती चाटीची टकटक उरली, आणि मी काय करत होतो? आवाज वाढवत होतो!

आता थोडं गणित (इंजिनियर आहे, सवय जात नाही). जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबलने आठवड्याला ४० तास ऐकणं चालतं. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला उरतात फक्त ४ तास. माझा प्रवास जाऊन-येऊन रोज तीन तासांचा. गाडीच्या खडखडाटावर गाणं चढवत ९० पर्यंत जायला फार कष्ट पडत नाहीत. म्हणजे सोमवारी तीन तास गेले आणि मंगळवारी सकाळी दादर यायच्या आतच आठवड्याचा कोटा संपला! कानातल्या ज्या केशपेशी एकदा मेल्या त्या परत उगवत नाहीत. त्यांना सर्व्हिस पॅक नाही.

तर माझं मत सरळ आहे. प्रवासाच्या हेडफोनमधला चांगला बदल तोच, ज्यानंतर आवाज कमी ठेवूनही गाणं पूर्ण ऐकू येतं. बाकी सगळी हौस. हौसेला माझी ना नाही, पण तिला हौसच म्हणावं.

हे मत बनायला तीन हेडफोन कारणीभूत ठरले. मित्रांकडून आठवडाभरासाठी उसने आणले होते : सेनहायझर एचडी २५ (१९८८ पासूनचा), सोनी एमडीआर-७५०६ (१९९१) आणि ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स (२०१४). तिन्ही स्टुडिओवाल्यांचे आवडते, तिन्ही क्लोज्ड-बॅक आणि तिन्ही अजून विकत मिळतात.

रात्री घरी शांततेत ऐकलं तेव्हा माझा पहिला नंबर एम५०एक्सला. भरदार बास, मोठ्या वाट्या, मजा आली. ७५०६ हलका आणि वरचे स्वर इतके लख्ख, की गाणाऱ्याने श्वास घेतलेलाही कळतो, पण त्याची गुंडाळीची लांबलचक केबल खिशात मावेना. एचडी २५ तिसरा. दुसऱ्या दिवशी तिन्ही लोकलमध्ये नेले आणि यादी उलटी झाली! एचडी २५ पहिला. कारण तो कानावरच घट्ट दाबून बसतो, बाहेरचा गोंगाट चांगला अडवतो, आणि त्यामुळे मी आवाज सगळ्यात कमी ठेवला होता. (तासाभराने कान दुखायला लागतात, हेही खरं.)

म्हणजे हेडफोनची तुलना जिथे तो वापरायचा तिथेच करायला हवी. दुकानात दोन मिनिटं लावून काही कळत नाही. आणि किमतीवर तर अजिबात जाऊ नका. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मापं तपासून दाखवलं, की किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स यांचा काही संबंध लागत नाही.

तुलनेतली आणखी एक मेख म्हणजे जो हेडफोन जरासा मोठ्याने वाजतो तोच आपल्याला 'चांगला' वाटतो. एम५०एक्स ३८ ओहमचा, एचडी २५ ७० ओहमचा, त्यांची संवेदनशीलताही वेगळी. फोनचा आवाज एकाच जागी ठेवून दोन्ही सारखे थोडेच वाजणार? म्हणून मी एका जाड पुठ्ठ्याला भोक पाडलं, मागे फोनचा माइक धरला, पुढे हेडफोनची वाटी दाबली आणि अ‍ॅपवर आकडा जुळवला. पद्धत गावठी आहे, पण डोळे झाकून तुलना करण्यापेक्षा बरी.

मित्रांचे हेडफोन परत केले आणि माझाच जुना, दीड हजारांचा, उघडायला घेतला. फार नाही, चार गोष्टी केल्या.

पहिली, पॅड. जाड आणि मऊ, रेक्झिनचेच नवे घेतले. चष्म्याची काडी आता त्यात रुतून बसते, फट राहत नाही. मखमली पॅड उन्हाळ्यात सुखाचे असतात, पण त्यांतून हवा जाते आणि तिच्याबरोबर बासही. आणि पॅड फार जाड झाले की ड्रायव्हर कानापासून लांब जातो, वरच्या पट्टीचा नूर बदलतो. म्हणजे पॅड बदलणं हे गादीची खोळ बदलण्यासारखं नाही, त्याने सगळा आवाजच बदलतो.

दुसरी, वाटीतला कापूस. ड्रायव्हरच्या मागे रिकामं प्लॅस्टिक असलं की आवाज तिथे आपटून परत येतो आणि सगळं डबक्यात वाजल्यासारखं होतं. कापसाचा पातळ थर दिला, तर मधले स्वर मोकळे झाले. हावरटपणे अजून कोंबला, तर सगळं मरगळलं. निम्मा काढून टाकला.

तिसरी, मायक्रोपोर. केमिस्टकडे मिळणारी कागदी चिकटपट्टी. ड्रायव्हरच्या मागे बारीक भोकं असतात, तिथून हवा किती सहज ये-जा करते यावर बास ठरतो. एकेका भोकावर पट्टी लावायची, ऐकायचं, नको असेल तर काढायची. दहा-पंधरा रुपयांत एवढं शिकवणारं दुसरं काही मला माहीत नाही.

एक युक्ती सांगतो. बदल आधी एकाच वाटीत करा. मग गाणं मोनोमध्ये लावा आणि डावी-उजवी ताडून बघा. नंतर हेडफोन उलटा घालून परत ऐका, म्हणजे फरक वाटीचा आहे की तुमच्या कानाचा, ते कळतं. 'काल कसं वाजत होतं' हे आठवून केलेल्या तुलनेला काही अर्थ नाही.

चौथी गोष्ट, केबल. इथे माझी फजिती झाली. वाटीत ३.५ एमएमचं सॉकेट बसवलं, केसासारख्या तारा सोल्डर करताना दोनदा बोट भाजलं, आणि एक महागडी केबल लावली. काय सांगू, आवाज एकदम 'उघडला'! आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटलो. शेवटी धाकटी बहीण वैतागली. "दादा, डोळ्याला पट्टी बांध, मी बदलते, तू ओळख." दहा वेळा बदलली. मी पाच वेळा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. मग तिने त्याच पद्धतीने जुने-नवे पॅड बदलून बघितले. दहापैकी दहा. (पॅड कानाला लागल्यावर कळतातच, ही तिची शंका रास्त आहे. पण जुने पॅड लावले की फोनचा आवाज तीन-चार घरं वर न्यावा लागतो, ती काही कल्पना नव्हे.)

आता कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, नॉइज कॅन्सलिंगवाला घे. मुद्दा बरोबर आहे. गाडीची खालच्या पट्टीतली घरघर नुसत्या पॅडने पूर्ण जात नाही, ती इलेक्ट्रॉनिक्सच नीट मारतं. फक्त प्रवासापुरतं हवं असेल तर खुशाल घ्या. फक्त तो उघडू नका, कारण त्याचं सगळं गणित ठरावीक पॅड आणि माइकवर बसवलेलं असतं. आणि हो, त्यालाही चष्म्याची फट चालत नाही!

माझ्यापुरतं म्हणाल, तर हिशेब सोपा. पॅड, कापूस, चिकटपट्टी, सगळं मिळून एका पिझ्झ्याचे पैसे. केबलचे पैसे विचारू नका. पण आता डग्गा घुमतो, आणि फोनचा आवाज पूर्वीपेक्षा बराच खाली असतो.

परवा ते काका परत भेटले. शेजारीच बसले होते. बोरीबंदर येईपर्यंत काही बोलले नाहीत. मी हेडफोन काढला तेव्हा म्हणाले, "आज गाणं नाही?"

होतं की!