टिपण आणि साठा

साहित्याच्या अभ्यासकांनी 'उत्पादकता' हा शब्द उच्चारावा का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. कारखान्यातून आलेला हा शब्द वाचनाच्या खोलीत आम्हालाही उपराच वाटतो. पण तो आत आला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. कामांच्या याद्या ठेवणारी साधने, पंचवीस मिनिटांचा गजर लावून काम करण्याची 'पोमोदोरो' पद्धत, टिपणे साठवणारी ॲप्स यांपैकी काही ना काही पीएच.डी.चा आजचा विद्यार्थी वापरतोच. याद्या आणि गजर यांविषयी आमची तक्रार नाही. ज्याला उपयोग होतो त्याने ते जरूर वापरावेत. आमचा आक्षेप आहे तो टिपणांविषयीच्या एका समजुतीला. जितके अधिक आणि जितक्या कमी कष्टात साठवावे तितका अभ्यास पुढे सरकतो, अशी ती समजूत आहे.

या संदर्भात निक्लास लूमान (1927–1998) या जर्मन समाजशास्त्रज्ञाचे नाव हल्ली वारंवार घेतले जाते. त्यांनी डझनावारी पुस्तके आणि शेकडो लेख लिहिले, आणि त्यामागे सुमारे 90,000 चिठ्ठ्यांची लाकडी पेट्यांत लावलेली सामग्री होती. 2011 साली बीलेफेल्ड विद्यापीठाने ती मिळवली. टिपणांची अनेक ॲप्स आज या पेटीचा वारसा सांगतात. पण त्या आकड्याकडे नीट पाहावे. हे काम सुमारे पंचेचाळीस वर्षे चालले होते, म्हणजे दिवसाला सरासरी पाच-सहा चिठ्ठ्या. एवढा मजकूर तर आमचा कोणताही विद्यार्थी अर्ध्या तासात उतरवून घेतो. मग फरक कुठे पडतो?

फरक चिठ्ठी लावण्यात पडतो. लूमान वाचलेल्या मजकुराचे उतारे सहसा करीत नसत. त्यातून सुचलेला विचार ते आपल्या शब्दांत लिहीत. त्या चिठ्ठीला क्रमांक द्यायचा, तो आधीच्या एखाद्या चिठ्ठीच्या संदर्भात. 1 या चिठ्ठीचा विचार पुढे नेणारी ती 1अ, तिला फुटलेला फाटा 1अ1, असा साधारण क्रम. त्यामुळे नवी चिठ्ठी कोणत्या जुन्या विचाराशेजारी बसते, हे ठरवल्याशिवाय ती पेटीत जाऊच शकत नसे. हा निर्णय म्हणजेच अभ्यास, असे आमचे म्हणणे आहे. 1981 सालच्या एका लेखात लूमान यांनी या पेटीला संवादातला जोडीदार मानले आहे. ज्या पेटीत सगळे केवळ ओतून ठेवले आहे, ती असे काही बोलणार नाही. ॲपमधील शोधसोय आम्हाला परत मिळवून देते ते आम्हीच टाकलेले शब्द.

याला पुण्यातूनच एक सबळ उत्तर देता येईल. डेक्कन कॉलेजमध्ये 1948 साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक शब्दकोशाचे काम सुरू केले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द संदर्भांसह टिपले गेले आणि चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. कोशाच्या छपाईला सुरुवात झाली ती 1976 साली. आणि अनेक खंड निघूनही 'अ' या पहिल्याच अक्षराचा पसारा 2022 पर्यंत संपलेला नव्हता. हा साठाच नव्हे काय? आणि तो व्यर्थ आहे असे कोण म्हणेल?

आम्ही तरी म्हणणार नाही. पण तेथील चिठ्ठीचे काम वेगळे आहे. ती पुरावा आहे. शब्द कोणत्या ग्रंथात, कोठे, कोणत्या वाक्यात आला, हे तिने जसेच्या तसे सांगायचे. लिहिणाऱ्याचे मत तिच्यात आले तर ती बिघडली. ती लिहिली गेली तीच मुळी पुढे येणाऱ्या, कदाचित लिहिणाऱ्याने कधी न पाहिलेल्या, संपादकासाठी. लूमान यांची चिठ्ठी विचाराची, डेक्कन कॉलेजची प्रमाणाची. दोन्ही लागतात, आणि दोन्हींची शिस्त परस्परविरुद्ध आहे.

आमच्या विद्यार्थ्यांच्या, आणि खरे सांगायचे तर आमच्याही, टिपणांत या दोन्हींची सरमिसळ झालेली असते. उतारा घेतलेला असतो, पण आवृत्ती आणि पृष्ठक्रमांक नसतो, म्हणून तो पुरावा होत नाही. तो का घेतला हेही लिहिलेले नसते, म्हणून तो विचारही होत नाही. सहा महिन्यांनी तेच वाक्य समोर येते आणि ते समीक्षकाचे की आपले, हे सांगता येत नाही. वाङ्मयचौर्याची पुष्कळ प्रकरणे लबाडीपेक्षा याच गोंधळातून जन्माला येत असावीत, असा आमचा संशय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनी साम्याची टक्केवारी मोजण्याची सोय केली. दहा टक्क्यांच्या आत आलेला प्रबंध सुटतो. परंतु त्यातील विचार कोणाचा, हे टक्केवारी सांगत नाही, आणि पुष्कळदा प्रबंधकारालाही ते सांगता येत नाही. ही दुसरी गोष्ट आम्हाला अधिक गंभीर वाटते.

दोष साधनाचा नाही, हे मान्य. ॲपमध्येही दोन वेगळे कप्पे करता येतात, आणि कागदावरही बेशिस्त टिपणे होतातच. पण साधन जे कष्ट वाचवते ते कोणते, हे विचारायला हवे. ग्रंथालयाच्या फेऱ्या वाचल्या तर आनंदच आहे. वाचलेले आपल्या वाक्यात मांडण्याचे कष्ट वाचले, तर वाचले काय आणि उरले काय?

म्हणून मार्गदर्शकांना आमची एक सूचना आहे. सहामाही प्रगती अहवालात किती पुस्तके वाचली, किती पृष्ठे लिहिली, हे आकडे मागण्याऐवजी विद्यार्थ्याकडून वीस टिपणे मागवावीत: दहा पुराव्याची, दहा विचाराची. पहिल्या दहांत पृष्ठक्रमांक तपासावेत. दुसऱ्या दहांतले कोणतेही एक उचलून, ते कोणत्या जुन्या टिपणाशेजारी ठेवले आणि का, एवढेच विचारावे. अर्थात, तत्पूर्वी आपली स्वतःची वीस टिपणे मार्गदर्शकांनी काढून पाहावीत. आम्ही ती काढू लागलो तेव्हा पहिली दहा कशीबशी भरली. दुसरी दहा अजून भरायची आहेत.